विवराच्या काठावरचा कामाचा दिवस

पहाटे ५.३०

माझं काम लोणार दाखवण्याचं. बुलढाणा जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. वऱ्हाडच्या दक्षिण टोकाला, मेहकरच्या खाली, मराठवाड्याच्या सीमेलगत. अमरावती-अकोल्याच्या लोकांना शेगाव पाठ असतं, लोणार शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असतं. ते पुस्तकातून बाहेर काढून त्यांच्या पायाखाली आणायचं, एवढा माझा धंदा.

दिवस धारेवर सुरू होतो. विवराच्या ईशान्य कडेला काठ थोडा फाटलाय आणि तिथं दगडी गोमुखातून गोड पाण्याची धार कुंडात पडते. जानेवारीतल्या थंडीत कुंडावर वाफ दिसते. आसपासच्या खेड्यांतले लोक अंधारातच एसटीनं किंवा मोटरसायकलवर येतात, अंघोळ करतात, ओल्या अंगानं देवळात जातात. काही जण पितरांचं काही करायला आलेले असतात. ही रीत आजची नाही. अकबराच्या दरबारातल्या अबुल फझलनं ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचं वर्णन करताना लोणारची नोंद केली आहे. ब्राह्मण याला विष्णुगया म्हणतात आणि पूर्वजांच्या मुक्तीसाठी ज्या तीन गया मानल्या जातात त्यांतली ही एक, असं तो सांगतो. बिहारची गया आपल्याला माहीत असते. आपल्या अंगणातली ठाऊक नसते, याचं मला खरंच वाईट वाटतं. त्याच नोंदीत त्यानं असंही लिहिलंय की इथल्या डोंगरात काच आणि साबण करायला लागणारं सगळं सापडतं, आणि पाणी खारं असलं तरी कडेला गोडं पाणी आहे. चारशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या लेखकाला मुक्ती, साबण आणि गोडं पाणी या तिन्ही गोष्टी एका परिच्छेदात घ्याव्या लागल्या. लोणार सांगायचं तर आजही तसंच सांगावं लागतं.

मी धारेवर रोज पाणी बघतो. किती जाड पडतंय, गढूळ आहे का, कुंडात काय तरंगतंय. कारण हेच पाणी पुढे उतारावरून थेट सरोवरात जातं.

सकाळी ७.३०

पर्यटन महामंडळाच्या निवासाबाहेर, काठावरच्या रस्त्यावर, अमरावतीचं कुटुंब भेटलं. नवरा-बायको, दोन मुलं आणि आजी. काल शेगावला दर्शन झालं, आज लोणार, संध्याकाळी सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान पाहून परत. बहुतेकांचा बेत हाच असतो आणि त्यात लोणारच्या वाट्याला एक तास येतो.

आजी कठड्याशी गेल्या आणि थांबल्या. “बाप्पा! हे एवढं मोठं गड्डं? हे कोनं खोदलं?”

“कोणीच नाही आजी. वरून पडलं.”

“तं मंग खाली काहून नाही जात आपण?”

मला हाच प्रश्न हवा असतो. मुलाच्या वडिलांनी घड्याळ पाहिलं. मी म्हणालो, “भाऊ, तासाभरात फोटो होते, लोणार नाही होत. सिंदखेडराजा संध्याकाळी पाचला गाठून देतो, पण एकपर्यंत माझ्यासंगं राहा लागते.” आजींनी निकाल दिला.

काठावर आधी आकडे. विवराचा व्यास साधारण 1.8 किलोमीटर, काठापासून खोली सुमारे 150 मीटर, आत पाण्याचं वर्तुळ कमी-जास्त 1.2 किलोमीटरचं. आकडे सांगून लोकांच्या डोळ्यांत काही बदलत नाही. मी त्यांना काठाच्या दगडाकडे बघायला लावतो. दख्खनचे लाव्हाचे थर सगळीकडे आडवे पसरलेले असतात, अकोल्यातही, अमरावतीतही. इथं काठावर तेच थर बाहेरच्या बाजूला कललेले आहेत. काठ आजूबाजूच्या शेतांपेक्षा वीसेक मीटर वर उचललेला आहे, परातीच्या कडेसारखा. आघाताच्या धक्क्यानं जमीन बाहेर उलथली, हे तो दगड स्वतः सांगतो.

हे कळायला माणसाला मात्र फार वेळ लागला. 1823 साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं लोणारची दखल घेतली. पुढची दीडशे वर्षं बहुतेकांना हा विझलेला ज्वालामुखीच वाटला, आणि तसं वाटण्यात गैर काही नव्हतं. सगळा मुलूखच ज्वालामुखीच्या दगडाचा, मग त्यात खड्डा दिसला तर दुसरं काय मानणार? अमेरिकन भूशास्त्रज्ञ जी. के. गिल्बर्ट यानं 1896 मध्ये ॲरिझोनातल्या विवराची चर्चा करताना लोणारचं साम्य दाखवलं. निर्णय लागला तो 1973 मध्ये. तळात भोकं पाडून काढलेल्या दगडांत मॅस्केलिनाइट सापडलं. प्रचंड आघाताच्या दाबानं फेल्डस्पार या खनिजाची अशी काच होते. ज्वालामुखीत तेवढा दाब कधीच येत नाही. ‘सायन्स’ या नियतकालिकात तो शोध छापला गेला आणि लोणार हे बसाल्ट खडकातलं उल्काविवर ठरलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं 1979 मध्ये त्याला राष्ट्रीय भू-वारशाचं स्मारक म्हणून मान्यता दिली. चंद्रावर आणि मंगळावरही बसाल्टची जमीन असल्यामुळे तिथली विवरं समजून घ्यायला संशोधक लोणारला येतात.

मुलगी विचारते, “मग ती उल्का कुठे आहे?” आदळताना ती बहुतेक वितळून आणि वाफ होऊन गेली. साठेक मीटरचा दगड असावा, असा अंदाज मांडला जातो. पोलंडमध्ये पोझनान शहराजवळ मोरास्को नावाचं जंगल आहे. तिथं अशाच घटनेतून झालेली लहान लहान विवरं आहेत. सगळ्यात मोठं शंभर मीटरच्या आतबाहेर, पाण्यानं भरलेलं. तिथली उल्का लोखंडाची होती, तिचे तुकडे जमिनीत राहिले आणि पहिला तुकडा 1914 मध्ये खंदक खोदताना सैनिकाच्या हाती लागला. त्यांच्याकडे तुकडा आहे, खड्डा छोटा. आपल्याकडे तुकडा नाही, पण खड्डा असा, की त्याच्या काठाशी गाव वसलं, देवळं उठली आणि खाराचा व्यापार चालला.

वय विचारलं की मी दोन आकडे देतो. पूर्वीच्या मोजणीत 52 हजार वर्षांच्या आसपास आलं होतं. नंतर आर्गॉनच्या पद्धतीनं मोजलं तर 5 लाख 70 हजारांच्या जवळ निघालं. पुस्तकांत अजून पहिला आकडा छापलेला असतो. मुलांना मी सांगतो, परीक्षेत पुस्तकातला लिहा, पण दुसरा विसरू नका.

सकाळी ९.३० ते दुपारी १

वन विभागाकडे नोंद करून आम्ही खाली उतरलो. 2000 सालापासून हे अभयारण्य आहे, साडेतीन चौरस किलोमीटरहून थोडं जास्त. उतार खडा आहे, आजींचा हात मुलानं धरला. वर गावात ट्रॅक्टर आणि भोंगे. पन्नास पावलं उतरलं की मोर आणि माकडं.

उतरताना झाडांकडे लक्ष ठेवलं तर एक गोष्ट कळते. जुन्या गॅझेटियरांत वर्णन आहे की पाण्याभोवती झाडांचे गोल पट्टे आहेत: शिंदीचा, मग चिंचांचा, मग बाभळीचा, आणि शेवटी काहीच न उगवणारी चिखलाची पट्टी. गोड झऱ्यांच्या ओलीपासून खारट पाण्यापर्यंत जमीन कशी बदलत जाते याचा तो नकाशाच होता. आता मध्ये विलायती बाभूळ घुसली आहे आणि पट्टे पुसट झालेत. ती काढण्याचं काम होतं, ती पुन्हा येते. पण चिंचा अजून उभ्या आहेत. त्यांच्या सावलीत मी प्रत्येक वेळी लोकांना बसवतो.

देवळं किती, असं विचारतात. मोजत बसायचं नसतं. काठावर, उतारावर, पाण्याशेजारी, झाडीत, बाराव्या-तेराव्या शतकांतली हेमाडपंती देवळं विखुरलेली आहेत: कुमारेश्वर, यज्ञेश्वर, रामगया, वाघ महादेव, मोर महादेव. चुना न घालता दगडात दगड बसवलेला. काहींच्या शिखरांवर पिंपळ उगवलाय, काहींच्या गाभाऱ्यात वटवाघळं आहेत. रामगयेच्या दारात आजी चपला काढून बसल्या. आत देव नाही असं सून म्हणाली. आजी म्हणाल्या, “जागा हाय ना.”

पुढे कमळजा देवी. सरोवराच्या अगदी काठाशी तिचं देऊळ. नवरात्रात खेड्यापाड्यांतून माणसं इथं उतरतात, बाया डोक्यावर परडी घेऊन येतात, आणि एरवी फोटोपुरतं असलेलं विवर नऊ दिवस भरलेलं असतं. अलीकडच्या वर्षांत पाणी चढत देवळापर्यंत आलंय, म्हणून वाट कधी इकडून तर कधी तिकडून काढावी लागते. काठाजवळ सासू-सुनेची विहीर आहे, अर्धी गोड आणि अर्धी खारी म्हणून गाजलेली. पाणी चढलं की ती बुडते, उतरलं की वर येते. तिच्यावर सगळे हसतात. मी तिथं एवढंच सांगतो की एका बाजूनं झऱ्याचं पाणी पाझरतं, दुसऱ्या बाजूनं सरोवराचं.

आता हळद. माझ्या पिशवीत कागदात बांधलेली हळद असते. पांढऱ्या कागदावर ती ओली करून घासायची आणि सरोवराचं पाणी टिपकवायचं. पिवळं होतं ते लालभडक होतं. मुलगी ओरडली, “कुंकू झालं!” बरोबर. हळदीला क्षार लावूनच परंपरेनं कुंकू करत आले आहेत. या पाण्याचा सामू साडेनऊ-दहाच्या पुढे असतो. मीठही आहे आणि सोडाही. झरे आत येतात, बाहेर जायला वाट नाही, ऊन पाणी नेतं आणि क्षार ठेवतं. एवढी साधी गोष्ट हजारो वर्षं घडत राहिली, त्याचं हे सरोवर.

या क्षारांवर गाव जगलं. उन्हाळ्यात पाणी आटलं की चिखलावर थर धरायचे. माणसं ते गोळा करायची आणि त्यांच्या प्रती वेगळ्या होत्या: डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. कापड धुवायला, रंगकामाला, साबणाला, काचेच्या बांगड्यांना तो खार जायचा. माझी आजी पापडात लोणारचा खार असल्याशिवाय पापड फुलत नाही म्हणायची. कारखान्यातला सोडा स्वस्त झाला आणि हा व्यवसाय संपला. अभयारण्य झाल्यावर काही उचलताही येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण खार गोळा करणारी ती माणसं सरोवराला रोज हात लावत होती, त्याची नाडी त्यांना ठाऊक होती. त्यांच्याबरोबर ते ज्ञान गेलं. ते कोणी बसून लिहून घेतलं असतं तर आज संशोधकांना त्याचा फार उपयोग झाला असता.

पाण्याला हिरवट रंग आणि उग्र वास. रंग शेवाळवर्गी जिवांचा. स्पिरुलिना म्हणून जे गोळ्यांच्या बाटलीत विकतात, ते अशा क्षारयुक्त पाण्यातच वाढतं. सुनेनं विचारलं, “गुलाबी कधी होतं?” 2020 च्या जूनमध्ये झालं होतं. टाळेबंदी चालू होती, पर्यटक नव्हते, आणि सकाळी काठावर उभं राहिलं तर खाली सगळं पाणी गुलाबी. गावात कोणी प्रकोप म्हणालं, कोणी चमत्कार. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गोष्ट गेली, नमुने तपासायला गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं कारण सांगितलं: हॅलोआर्किया नावाचे मीठप्रेमी सूक्ष्मजीव. उन्हानं पाणी कमी झालं, खारटपणा वाढला, ते फोफावले आणि त्यांच्या अंगातलं रंगद्रव्य पाण्यात दिसलं. पावसानं पाणी पातळ झालं, रंग गेला. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं हे दुसरं ठिकाण.

गुलाबी रंगाची बातमी जगभर गेली. उलट बाजूची काळजी तेवढी गाजत नाही. पाणी चढून गोडं व्हायला लागलं, तर या सरोवराचे खरे मालक, म्हणजे खारातच जगणारे हे सूक्ष्मजीव, मागे हटतील. हिरवं पाणी, गुलाबी पाणी, दोन्ही त्यांचंच. साधं गोडं तळं महाराष्ट्रात गावोगाव आहे.

चढताना आजींना तीनदा बसवलं. वर आल्यावर वडील म्हणाले, “भाऊ, सिंदखेडराजा उद्या पाहू.” त्यांनी निवासात खोली विचारली.

दुपारी १.३०

घरी भाकरी, झुणका, ठेचा. वीस मिनिटं पाठ टेकली.

दुपारी ३

अकोल्याच्या शाळेची सहल. मुलं पन्नासच्या वर, सर दोन, बाई तीन. इतक्या मुलांना खाली नेणं धोक्याचं, म्हणून मी त्यांना गावातच दैत्यसूदन मंदिरात नेतो. खरं सांगायचं तर एकच ठिकाण बघायला मिळणार असेल, तर मी काठाआधी हे देऊळ सांगेन.

गोष्ट सगळ्यांना आवडते: लवणासुर नावाचा दैत्य इथं जमिनीखाली दडून राहायचा, विष्णूनं दैत्यसूदन होऊन त्याला मारला, आणि जिथं तो होता तो खड्डा म्हणजे विवर. गाभाऱ्यातला विष्णू त्याच दैत्यावर उभा आहे. देवळाचा पाया सरळ चौकोनी नाही, कोनाकोनांनी वळत गेलेला आहे, त्यामुळे बाहेरची भिंत सतत घडी बदलते आणि प्रत्येक घडीत मूर्ती. मुलांना मी भिंतीजवळ गोल फिरवतो आणि महिषासुरमर्दिनी शोधायला सांगतो, नरसिंह शोधायला सांगतो. दहा मिनिटांत सगळं देऊळ त्यांच्या बोटांखालून जातं. नंतर छताखाली झोपून वर बघायचं. तिथं पुराणकथा कोरल्या आहेत. मे महिन्यात काही दिवस सूर्याचे किरण थेट मूर्तीवर येतात, त्याला किरणोत्सव म्हणतात. तेव्हा शाळांना सुट्टी असते, म्हणून त्या मुलांना मी आईबापांना घेऊन यायला सांगितलं.

एक मुलगा म्हणाला, “सर, उल्का पडली ते खरं का राक्षस मारला ते खरं?” त्याचे सर गप्प राहिले. मी त्याला म्हणालो, उल्का पडली हे दगड तपासून कळलं. गोष्ट रचणाऱ्याकडे भिंग नव्हतं. पण हा खड्डा नेहमीचा नाही, इथं काहीतरी प्रचंड घडून गेलंय आणि ते मिठाशी जोडलेलं आहे, एवढं त्यानं ओळखलं होतं. मुलानं वहीत लिहून घेतलं.

जाताना लिंबी बारव दाखवली. पायऱ्या उतरत पाण्यापर्यंत जाणारी ही दगडी विहीर गावातल्याच किती जणांनी नीट पाहिली असेल, शंका आहे.

सायंकाळी ५

मोठा मारोती. अंबर तळ्याजवळ, मुख्य विवराच्या उत्तरेला. मारोती इथं आडवा आहे, शेंदरानं झाकलेला. होकायंत्र नेलं की काटा हलतो आणि ही मूर्तीच उल्केच्या दगडाची, असं सांगण्याची पद्धत आहे. मी तसं सांगत नाही. बसाल्टमध्येही मॅग्नेटाइट असतं. काटा हलला म्हणजे दगड आकाशातून आला, असं ठरत नाही. अंबर तळंही त्याच उल्केच्या तुकड्यानं झालं असं पूर्वी मानत. त्यावर आता अभ्यासकांनीच शंका घेतली आहे. खरं तेवढंच सांगितलं तरी लोणार कमी पडत नाही, हा माझा अनुभव आहे.

सायंकाळी ६.३०

बस स्टँडजवळ आलूबोंडा आणि चहा. तिथं गावाची बैठक असते. सोयाबीनचा भाव, तुरीवरची अळी, आणि नंतर सरोवर. वर्षानुवर्षं गावाचं सांडपाणी उतारानं खाली जात आलं, ते अडवायची कामं न्यायालयाच्या देखरेखीखाली झाली, तरी नाल्यात पिशव्या दिसतातच. आज एकजण म्हणाला, सरोवरामुळं घर बांधायला बंधनं येतात, आम्हाला काय मिळतं? त्याचं म्हणणं टाकाऊ नाही. बंधनं गावानं सोसायची आणि पाहुण्यानं तासाभरात निघून जायचं, असं असेल तर गाव सरोवराची बाजू का घेईल? माणसं दोन दिवस राहिली, इथं जेवली, इथली वाट दाखवायला इथलाच माणूस घेतला, तर नाल्यात पिशवी टाकणाऱ्याला शेजारीच हटकेल. लोणारचं पाणी गावातून खाली जातं. गाव सुधारल्याशिवाय ते सुधारत नाही.

रात्री ९

अमरावतीच्या भाऊंचा फोन. उद्या सकाळी आजींना धारेवर अंघोळ करायची आहे, मग मेहकरला शारंगधर बालाजी. ती मूर्ती 1888 मध्ये जमिनीतून निघाली. तेवढी देखणी विष्णुमूर्ती मी दुसरी पाहिली नाही. मी हो म्हणालो.

वाचणाऱ्यांना एवढंच सांगायचंय. लोणारला या तेव्हा मुक्काम करा. आधी दैत्यसूदन बघा, मग काठावर जा, आणि गुडघे साथ देत असतील तर खाली उतरा. पाण्याची बाटली नेलीत तर ती वर परत आणा. सोबत चिमूटभर हळद घ्या. जून ते सप्टेंबर वाट निसरडी असते, म्हणून लहान मुलं आणि वडीलधारी बरोबर असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरा.